बेस गिटारवरचा नवा लॅकर पांढुरका पडतो किंवा चिकट राहतो: दोष कोणत्या थरात आहे हे शोधण्याचा क्रम

घरच्या घरी बेस गिटारचे जुने पॉलिश काढून नवे देणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते, ती म्हणजे लॅकर खराब निघाला. असे अनेक बेस मी पुन्हा घासून दुरुस्त केले आहेत आणि त्यांत डबा क्वचितच दोषी आढळला आहे. दोष सहसा हवेत, लाकडात किंवा नव्या लॅकरखाली राहिलेल्या जुन्या थरात असतो. तो नेमका कुठे आहे हे न ठरवता वरून आणखी एक हात दिला, की एका दिवसाचे काम महिन्यावर जाते.

कस्टम बेसच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. कारखान्यात बनलेल्या वाद्याबद्दल निदान काही अंदाज बांधता येतो. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला; त्या कंपनीच्या सुरुवातीच्या काळातील वाद्यांवर बहुतांशी नायट्रोसेल्युलोज लॅकर असे, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथे जाड पॉलिस्टरचा वापर सुरू झाला. एखाद्या कारागिराने एकाच ग्राहकासाठी घडवलेल्या बेसवर मात्र कोणता सीलर (लाकडाची रंध्रे बंद करणारा पहिला थर) आहे, पॉलिश किती हातांचे आहे, मधल्या काळात कोणी त्यावर काय चोळले आहे, याची नोंद कुठेच नसते. शिवाय अशा वाद्यात मॅपल, महोगनी आणि शिसव ही लाकडे शेजारीशेजारी चिकटवलेली असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो.

लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे फवारणीनंतर काही मिनिटांतच पृष्ठभागावर उमटणारी धुरकट पांढरी छटा. ती कधी सगळीकडे पसरते, तर कधी फक्त जाड थर बसलेल्या कडांवर दिसते. दुसरे लक्षण यासारखेच दिसते, पण त्याचे कारण अगदी वेगळे असते: लॅकर वाळताना स्वच्छ असतो, आणि घासून चमक आणल्यानंतर लाकडाच्या रंध्रांत पांढऱ्या रेघा किंवा ठिपके दिसू लागतात. अॅश आणि महोगनी यांसारख्या उघड्या रंध्रांच्या लाकडांत हे अधिक आढळते.

तिसरे लक्षण चिकटपणाचे. आठवडा उलटल्यावरही अंगठा दाबला की ठसा उमटतो, किंवा केसच्या आतल्या मखमलीची लव पाठीला चिकटून येते. येथे चिकटपणा कुठे आहे हे नीट पाहावे. तो सर्वत्र आहे, फक्त गडद लाकडाच्या पट्ट्यावर आहे, की जिथे हाताची कोपराकडची बाजू टेकते आणि जिथे स्टँडचा रबर लागतो तिथेच आहे, या तिन्हींची उत्तरे वेगळी आहेत.

याखेरीज लॅकर ओला असतानाच त्यात वाटाण्याएवढे गोल खड्डे पडून तळाशी लाकूड उघडे दिसणे, मास्किंग टेप काढताना तिच्याबरोबर पापुद्रा निघणे, आणि दुसरा हात दिल्याबरोबर पहिल्याला सुरकुत्या पडणे, ही तीन लक्षणेही वारंवार दिसतात.

तपासणीआधी: पॉलिश वाळते म्हणजे काय होते

पुढच्या प्रत्येक तपासणीचा अर्थ यावर अवलंबून असल्याने हे येथेच सांगतो. नायट्रोसेल्युलोज (थोडक्यात नायट्रो) लॅकर आणि चपडीचे, म्हणजे लाखेपासून बनणारे, स्पिरिट पॉलिश केवळ द्रावक उडून गेल्याने वाळतात; त्यांत रासायनिक बदल होत नाही, म्हणून तेच द्रावक लावले की ते पुन्हा विरघळतात. जवसाचे तेल, तेलमिश्रित व्हार्निश आणि एका डब्यातील तेलाधारित पीयू (पॉलियुरेथेन) हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात. दोन डब्यांतील पीयू, पॉलिस्टर आणि आपल्याकडे फर्निचरवर सर्रास मारले जाणारे मेलामाइन हे हार्डनर (घट्ट करणारे वेगळे द्रव्य) मिसळल्यावर होणाऱ्या प्रक्रियेने घट्ट होतात, आणि एकदा घट्ट झाले की थिनरने विरघळत नाहीत. पहिल्या प्रकारातील दोष बहुतेक वेळा न घासता दुरुस्त होतो, तिसऱ्या प्रकारातील जवळजवळ कधीच होत नाही.

पहिली तपासणी: डोळे, नाक आणि कॅलेंडर

याला काहीही खर्च नाही. कंट्रोलच्या पोकळीचे, म्हणजे आवाजाच्या बटणांची वायरिंग असते त्या खाचेचे, झाकण बसवून बेस रात्रभर तसाच ठेवावा आणि सकाळी झाकण काढल्याबरोबर आत वास घ्यावा. थिनरचा वास स्पष्ट येत असेल तर लॅकर अजून वाळतो आहे आणि त्यात कोणताही दोष असेलच असे नाही. नायट्रोचे हात पातळ आणि पुरेशा अंतराने दिले असले तरी चमक काढण्याआधी तीन ते चार आठवडे थांबावे लागते; पावसाळ्यात त्याहून अधिक. एका दिवसात तीनपेक्षा अधिक हात दिले असतील तर वरचा थर आधी आवळतो आणि खालचे द्रावक आत कोंडले जाते. अशा वेळी उपाय एकच, तो म्हणजे बेस हवेशीर जागी टांगून ठेवणे आणि त्याला हात न लावणे. हेअर ड्रायर फिरवून घाई केल्यास कोंडलेले द्रावक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते.

चिकटपणा फक्त संपर्काच्या जागी असेल तर लॅकरकडे नव्हे, त्याला लागणाऱ्या वस्तूंकडे पाहावे. स्टँडच्या रबरात आणि व्हायनिलच्या पट्ट्यात ते मऊ ठेवणारी द्रव्ये असतात. ती हळूहळू नायट्रो लॅकरमध्ये उतरतात आणि त्याला मऊ करतात. स्टँडवर सुती कापड गुंडाळले की प्रश्न मिटतो. हाताच्या घामाचा आणि त्वचेवरील तेलाचाही असाच परिणाम दीर्घकाळाने होतो. डीट हे द्रव्य असलेले डासप्रतिबंधक मलम किंवा स्प्रे लावून बेस हातात घेणे तर सरळ लॅकर विरघळवण्यासारखे आहे. उघड्यावरच्या संध्याकाळच्या कार्यक्रमानंतर बोटांच्या आकाराचे डाग घेऊन आलेला बेस दिसला, की मी प्रथम हाच प्रश्न विचारतो.

रंध्रांतील पांढऱ्या ठिपक्यांचा निकालही याच टप्प्यावर लागतो. टाचणीच्या टोकाने एका ठिपक्याला हलकेच टोकरावे. पांढरी भुकटी निघाली तर ते रबिंग कंपाऊंड, म्हणजे चमक आणण्यासाठी घासलेली पेस्ट, आहे. मऊ टूथब्रश आणि थोडे टर्पेंटाइन यांनी ते निघते. पुढच्या वेळी रंध्रे सीलरने पूर्ण भरल्याशिवाय पांढरे कंपाऊंड वापरू नये.

दुसरी तपासणी: हवा

फवारल्यानंतर काही मिनिटांत येणारा पांढुरकेपणा हा जवळजवळ नेहमी हवेतील बाष्पाचा परिणाम असतो. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता ओढून घेतो आणि पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होतो. तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर येतो. म्हणजे पृष्ठभाग केवळ चार अंशांनी थंड झाला तरी थंड पाण्याच्या पेल्याप्रमाणे त्यावर पाणी जमते, आणि त्या पाण्यामुळे लॅकरमधील नायट्रोसेल्युलोज द्रावणातून बाहेर पडून पांढरे दिसू लागते. त्याच ३० अंशांना आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू १८ अंशांच्या आसपास असतो आणि तोच लॅकर, त्याच हाताने मारलेला, स्वच्छ वाळतो.

म्हणून डबा बदलण्याआधी एक साधा आर्द्रतामापक विकत घ्यावा. तो लॅकरच्या एका डब्यापेक्षा स्वस्त पडतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर नायट्रो किंवा चपडी यांचे काम करू नये, असा नियम मी पाळतो. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये ही अट पूर्ण होणे कठीणच. तिथे हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, तेही दुपारी करावे, कारण दिवसभरातील सर्वांत कमी आर्द्रता सहसा दुपारी असते. देशावर आणि विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत अडचण उलट बाजूने येते: हवा इतकी कोरडी आणि तापलेली असते की लॅकरचे तुषार लाकडावर पोहोचेपर्यंत अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. तिथे पहाटेची वेळ बरी.

एअर कंडिशनर असलेल्या खोलीबद्दल एक इशारा द्यायला हवा. ती हवा कोरडी असते, म्हणून बॉडी तिथे ठेवून फवारणीपुरती बाल्कनीत आणण्याची कल्पना अनेकांना सुचते. थंड लाकूड दमट हवेत आणताच त्यावर न दिसणारा ओलाव्याचा थर बसतो आणि पहिला हात त्यावरच पडतो. बॉडी बाहेर आणल्यावर किमान दोन तास तशीच राहू द्यावी. बंद खोलीत एअर कंडिशनर चालू ठेवून फवारणी करणे तर निखालस धोक्याचे आहे. नायट्रो लॅकरची वाफ ठिणगीने पेट घेते.

पांढुरकेपणा आलाच असेल तर आधी काही न करता कोरड्या दिवसाची वाट पाहावी, कारण हलकी छटा कधीकधी आपोआप जाते. न गेल्यास रंगाच्या दुकानात मिळणारा रिटार्डर, म्हणजे हळू उडणारा थिनर, अगदी हलका फवारावा. तो वरचा थर पुन्हा विरघळवून अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ देतो. चपडीच्या बाबतीत बोळ्यावर किंचित स्पिरिट घेऊन, एकाच जागी न थांबता, लांब हात फिरवावेत. दोन डब्यांच्या पीयूखाली किंवा मेलामाइनखाली अडकलेला पांढुरकेपणा मात्र द्रावकाने जात नाही. तिथे त्या थरापर्यंत घासण्याला पर्याय नाही. पाण्यावर आधारित पीयू ओला असताना दुधाळ दिसतो, हा दोष नव्हे. वाळल्यावरही दुधाळ राहिला तर थर जाड झाला आहे किंवा हवा दमट आहे असे समजावे.

तिसरी तपासणी: काचेचा तुकडा

ही तपासणी मला सर्वांत अधिक उपयोगी वाटते, आणि नेमकी हीच कोणी करत नाही. जुन्या फोटोफ्रेमची काच साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून घ्यावी. तोच लॅकर, त्याच थिनरने पातळ केलेला, त्याच दिवशी तीन ठिकाणी लावावा: काचेवर, कोऱ्या प्लायवुडच्या तुकड्यावर आणि बेसच्या कंट्रोल पोकळीत, जिथे तो कोणाला दिसणार नाही. तिन्ही एकाच जागी, सारख्याच जाडीचे ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी नख लावून पाहावे.

काचेवरचाही चिकट असेल तर लाकूड निर्दोष आहे, दोष लॅकरमध्ये, थिनरमध्ये किंवा हवेत आहे. काच आणि प्लायवुड वाळले, पण पोकळीतील लॅकर चिकट राहिला, तर दोष बेसच्या लाकडात किंवा त्यावरील जुन्या थरात आहे, आणि नवा डबा आणून काहीही साधणार नाही. पहिल्या शक्यतेत लॅकर आणि हवा यांना वेगळे करण्यासाठी दुसरी काच घेऊन त्याच लॅकरचा थर द्यावा आणि वास ओसरल्यावर ती कोरड्या खोलीत ठेवावी. तिथे वाळला तर हवा दोषी.

लॅकर किंवा थिनर दोषी निघाल्यास शक्यता मोजक्याच असतात. अवजारे धुण्यासाठी विकला जाणारा स्वस्त थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग अधिक थंड करतो आणि पांढुरकेपणा वाढवतो. लॅकरच्या कंपनीने सांगितलेलाच थिनर वापरावा. दोन डब्यांच्या पॉलिशमध्ये हार्डनर अंदाजाने ओतला असेल तर ते कायमचे मऊ राहते. हार्डनर कमी पडला असेल तर नंतर वरून देऊन उपयोग नाही, सगळे काढावे लागते. जवसाचे कच्चे तेल लावले असेल तर ते वाळायला कित्येक आठवडे घेते. दुकानात डबल बॉईल्ड म्हणून मिळणारे तेल यासाठी असते. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून टाकू नयेत, मोकळी पसरून वाळवावीत; ती स्वतःहून तापून पेट घेतात.

चपडीबद्दल थोडे अधिक. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवल्यानंतर तिचे वय मोजायला सुरुवात होते. स्पिरिटशी तिची हळूहळू प्रक्रिया होत राहते आणि साधारण सहा महिन्यांनंतर, उष्ण हवेत त्याआधीच, ते द्रावण नीट वाळेनासे होते. बाटलीवर तारीख लिहावी आणि शंका आली की काचेवर एक थेंब टाकून पाहावे. स्पिरिटमध्ये पाणी असेल तरी चपडी पांढरी पडते.

चौथी तपासणी: खाली काय आहे

पापुद्रे निघत असतील किंवा सुरकुत्या पडत असतील तर जुना थर ओळखावा लागतो. नेक बोल्टने बसवलेला असेल तर तो काढून त्याच्या खाचेत, नाहीतर पोकळीच्या कडेला, कापसाच्या बोळ्याने आधी स्पिरिट लावून पाहावे. अर्ध्या मिनिटात थर चिकट झाला तर ती चपडी आहे. काही झाले नाही तर लॅकरचा थिनर लावावा. आता मऊ झाला तर नायट्रो किंवा अॅक्रिलिक लॅकर. दोन्हींना दाद न देणारा थर पीयू, पॉलिस्टर किंवा मेलामाइन समजावा. क्रम उलटा करू नये, कारण थिनरने चपडीही मऊ होऊ शकते आणि निदान चुकते.

हे कळणे महत्त्वाचे अशासाठी, की नायट्रोवर नायट्रो दिला तर नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो, पण पीयूवर दिलेला कोणताही थर केवळ ओरखड्यांच्या आधाराने टिकतो. पीयूवर ३२० नंबरच्या वॉटर पेपरने सर्वत्र एकसारखी धूसर मॅट छटा येईपर्यंत घासले नसेल, तर टेपबरोबर पापुद्रा निघणारच. सुरकुत्या मात्र बहुधा अर्धवट घट्ट झालेल्या तेलाधारित थरावर तीव्र थिनरचा हात दिल्याने पडतात. अशा थरावरचा पुढचा हात डब्यावर लिहिलेल्या मुदतीतच द्यावा, किंवा तो पूर्ण घट्ट होऊ द्यावा. मधला काळ वाईट.

पाचवी तपासणी: सिलिकोन आणि मेण

गोल खड्डे पडणे हे सिलिकोनचे काम आहे. गाडीचे पॉलिश, फर्निचर चमकवण्याचे स्प्रे, काही हेअर सीरम यांत ते असते आणि त्याचा अंश जरी लाकडावर असला तरी लॅकर त्या बिंदूपासून मागे सरतो. घासल्याने सिलिकोन निघत नाही, उलट पेपरबरोबर सगळीकडे पसरते. म्हणून घासण्याआधी, आणि घासल्यानंतर पुन्हा, पांढऱ्या सुती कापडाने मिनरल टर्पेंटाइन लावून पुसावे, प्रत्येक पुसण्याला कापडाची नवी बाजू वापरावी. कॉम्प्रेसरमधून तेल येत असेल तरी असेच खड्डे पडतात. स्वच्छ काचेवर नुसती हवा सोडून बोट फिरवले की ते कळते.

पुसूनही खड्डे पडत असतील तर मेणविरहित चपडीचा एक पातळ हात मध्ये द्यावा. चपडी सिलिकोनवरही बऱ्यापैकी पसरते आणि त्याला खाली कोंडून ठेवते. बाजारातील साध्या चपडीत नैसर्गिक मेण असते आणि त्यावर पीयू नीट धरत नाही. द्रावण काचेच्या बाटलीत काही दिवस न हलवता ठेवावे. मेण तळाशी बसले की वरचे स्वच्छ द्रावण अलगद ओतून घ्यावे.

सहावी तपासणी: लाकूड

चिकटपणा फक्त गडद पट्ट्यावर असेल तर कारण जवळजवळ ठरलेले आहे. शिसव आणि त्याच्या जातीतील इतर लाकडांत अशी नैसर्गिक द्रव्ये असतात की ती ऑक्सिजनने घट्ट होणाऱ्या पॉलिशची प्रक्रिया रोखून धरतात; पॉलिस्टरलाही ती घट्ट होऊ देत नाहीत. सागाच्या तेलकटपणाचाही त्रास होतो, तो मुख्यतः थर न धरण्याचा. म्हणूनच एकाच बेसवर, एकाच दिवशी दिलेला तेलाधारित पीयू मॅपलवर कडक होतो आणि शेजारच्या शिसवावर महिनाभर चिकटतो. नायट्रो केवळ द्रावक उडून वाळत असल्याने त्याच्या बाबतीत ही अडचण बरीच कमी असते.

उपाय पुन्हा मेणविरहित चपडीचाच आहे: चिकट थर काढून, चपडीचे दोन पातळ हात देऊन मग वरचे पॉलिश. पण कस्टम बेसवर येथे एक खास संकट उभे राहते. शिसवाचा जांभळट तपकिरी रंग स्पिरिटमध्ये आणि थिनरमध्ये उतरतो. चपडीचा ओला बोळा शिसवावरून शेजारच्या मॅपलच्या बारीक पट्टीवर गेला की ती पट्टी मळकट गुलाबी होते आणि तो रंग रंध्रांत शिरल्यावर घासूनही पूर्ण जात नाही. म्हणून पहिले एक-दोन हात फवारूनच, अगदी हलके द्यावेत. फवारणी शक्य नसेल तर आधी फक्त मॅपलवर बारीक ब्रशने चपडी द्यावी, ती वाळू द्यावी, आणि मग शिसवावर लाकडाच्या रेषांच्या दिशेने, ओघळ येणार नाही इतक्याच ओल्या बोळ्याने काम करावे. ज्यांना बोळ्याचा हात बसलेला नाही त्यांनी मिरजेच्या एखाद्या सतारमेकराला तंबोऱ्यावर पॉलिश करताना पाहावे. बोळ्यात किती ओल असावी हे लिहून समजावता येत नाही.

लाकडातील ओलावा ही याच तपासणीची दुसरी बाजू. वाद्यांचे लाकूड सहसा ६ ते ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेले असते, पण पॉलिश काढलेली उघडी बॉडी ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत पडून राहिली तर कालांतराने १५-१६ टक्क्यांपर्यंत जाते. वरून पॉलिश दिले की तो ओलावा बाहेर पडण्याच्या प्रयत्नात थर उचलतो, आणि कोरड्या दिवसांत लाकूड आकसले की चिकटवलेल्या सांध्यांच्या रेषा पॉलिशमधून उमटून दिसतात. ओलावामापक नसेल तर स्वयंपाकघरातील वजनकाटा पुरतो. पिकअप, ब्रिज, चाव्या असे सगळे भाग काढलेली बॉडी रोज एकाच वेळी तोलावी. दोन किलोच्या बॉडीत एक टक्का ओलावा म्हणजे साधारण २० ग्रॅम. वजन सलग चार-पाच दिवस स्थिर राहिले की लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळले असे समजावे, मात्र ती हवा कोरडी असली पाहिजे. उन्हात ठेवून घाई करू नये, सांधे उकलतात.

शेवटचा उपाय: सगळे काढणे

वरील सर्व तपासण्यांनंतर दोष खालच्या थरात किंवा लाकडात निघाला तरच पॉलिश पूर्ण काढावे. नायट्रो आणि चपडी त्यांच्या द्रावकाने निघतात. पीयू आणि पॉलिस्टर हीट गनने मऊ करून पातळ पात्याने उचलता येतात, पण लाकूडकामातील पांढरा गोंद ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. नेक आरपार गेलेल्या, म्हणजे बॉडीचे पंख नेकच्या लाकडाला चिकटवलेल्या बेसवर हीट गन एका जागी क्षणभर रेंगाळली तरी सांधा सरकू शकतो. अशा बेसवर मी हीट गन वापरत नाही. १२० नंबरच्या पेपरने सुरुवात करून हाताने, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून घासतो. वेळ लागतो, हे खरे.

नेकची खाच घासू नये आणि तिच्यात पॉलिशही जाऊ देऊ नये, कारण तिथे जमलेला थर नेकचा कोन बदलतो. ब्रिजखाली येणारी अर्थची तार उघडी ठेवावी. तिच्यावर लॅकर बसला तर बेस जोडल्यावर गुणगुण सुरू होते आणि माणूस पिकअपला दोष देत बसतो. स्टील वूल वापरायचे असेल तर पिकअप वाद्यातून काढून दूर ठेवावेत, कारण त्याचे कण चुंबकांना चिकटतात आणि पुढे सतत त्रास देतात.

कुठे थांबून जाणकाराकडे जावे

वरचे लाकूड पातळ व्हिनिअर (चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा) असेल आणि घासताना कडेला वेगळ्या रंगाचे लाकूड डोकावू लागले, तर त्याच क्षणी थांबावे. आणखी दोन हात पेपर फिरवल्यावर ते परत येत नाही. व्हिनिअर आहे की जाड लाकूड, हे पिकअपच्या पोकळीच्या कडेला आधीच पाहून घ्यावे.

हेडस्टॉकच्या मुळाशी किंवा नटजवळ बारीक भेग दिसली, फ्रेटबोर्ड नेकपासून सुटत असेल, नेक पिळला असेल किंवा ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) फिरेनासा झाला असेल, तर पॉलिशचा विचार बाजूला ठेवून तारा सैल कराव्यात आणि बेस ल्युथियरकडे, म्हणजे गिटार घडवणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, न्यावा. चार तारांचा एकत्रित ताण सुमारे ७५ ते ८० किलो असतो. भेगेवर लॅकर मारून ती थांबत नाही, फक्त झाकली जाते.

दोन डब्यांचा पीयू घरी फवारू नये. त्याच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो आणि साधा मास्क त्यापासून वाचवत नाही. मिथिलीन क्लोराइड असलेले पेंट रिमूव्हर न्हाणीघरात किंवा कोणत्याही बंद जागी वापरू नये. त्याची वाफ साचून माणसे दगावली आहेत. ही दोन्ही कामे योग्य जागा आणि साधने असलेल्यानेच करावीत.

बेस एखाद्या नावाजलेल्या कारागिराचा असेल आणि त्यावर मूळ पॉलिश असेल, तर केवळ ओरखडे किंवा पिवळेपणा यांसाठी ते काढू नये. मूळ पॉलिश गेल्यावर वाद्याची किंमत उतरते. आधी ल्युथियरचे मत घ्यावे.

एकरंगी बेस गाड्या रंगवणाऱ्याच्या बूथमध्ये देता येतो आणि काम स्वस्तही पडते, पण नेकची खाच, पोकळ्या आणि अर्थची तार स्वतः टेपने झाकून मगच बॉडी द्यावी, आणि बॉडीवर लांबी भरू नका असे स्पष्ट सांगावे. लाकूड दिसणारे पॉलिश हवे असेल तर ल्युथियरच बरा. त्याला कोणते पॉलिश, कोणता थिनर, किती हात, कोणत्या महिन्यात दिले आणि काचेवर व पोकळीत काय दिसले, हे कागदावर लिहून द्यावे. यातील एखादी गोष्ट लाजेखातर लपवली तर तो चुकीच्या द्रावकापासून सुरुवात करतो आणि त्या वेळेचे पैसे आपल्यालाच द्यावे लागतात.